पितळी कर्ण्याखालची पेटी: जुना ग्रामोफोन अस्सल की नव्याने जुळवलेला?

मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा जुन्या वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळांवर 'शंभर वर्षांपूर्वीचा, चालू स्थितीतील' म्हणून जे चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मांडलेले असतात, त्यांतील बहुतेक यंत्रे गेल्या काही दशकांत भारतातच जुळवलेली असतात. अशा यंत्राला चावी दिली की तबकडी फिरते, सुई टेकवली की गाणे ऐकू येते आणि पेटी उघडली तर आतल्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या मोटरवर खऱ्या कंपनीचे नावही सापडते. त्यामुळे घेणाऱ्याच्या मनात शंका यायला फारशी जागा उरत नाही. ही शंका कोठे घ्यावी आणि कोठे घेऊ नये, हे समजण्यासाठी यंत्रशास्त्राचे शिक्षण लागत नाही. कोणता भाग कोणत्या काळात आला आणि तो का आला, एवढे माहीत असले म्हणजे पुरते.

या नकलेच्या बहुतेक खुणा ती ज्या रीतीने तयार होते त्या रीतीतूनच उमटलेल्या असतात, म्हणून आधी ती रीत पाहू. ग्रामोफोन कंपनीने 'हिज मास्टर्स व्हॉइस' (एचएमव्ही) या नावाखाली १९२५ मध्ये १०१ क्रमांकाचे आणि १९३१ मध्ये १०२ क्रमांकाचे पोर्टेबल यंत्र बाजारात आणले. झाकण लावले की हातात धरून नेता येईल अशी ही बॅगेच्या आकाराची पेटी होती, तिचा कर्णा पेटीच्या आतच दडवलेला असे, आणि १०२ चे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. भारतात ही पोर्टेबल यंत्रे मोठ्या प्रमाणावर खपली. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या ज्या घरांनी ऐकल्या, त्यांतील अनेक घरांत पितळी कर्णा कधी नव्हताच. तेथे अशी काळी किंवा रंगीत बॅग होती. पुढे विजेवर चालणारे प्लेअर आले, ट्रान्झिस्टर आला आणि ही यंत्रे माळ्यावरून भंगारात गेली. त्यांची कापडी आवरणे फाटली, झाकणे मोडली, पण मोटर, फिरती थाळी आणि साउंडबॉक्स (सुई धरणारी, आवाज निर्माण करणारी गोल डबी) हे भाग इतके मजबूत होते की ते चालू राहिले.

मोडक्या बॅगेला गिऱ्हाईक मिळत नाही, कर्ण्याच्या यंत्राला मात्र हॉटेलांपासून परदेशी पर्यटकांपर्यंत गिऱ्हाईक मिळते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पोर्टेबलमधून मोटर आणि थाळी काढायची, नवी लाकडी पेटी बनवून त्यात ती बसवायची, पितळी पत्र्याचा कर्णा आणि तो पेलणारे ओतीव ब्रॅकेट लावायचे, दर्शनी बाजूला एचएमव्हीच्या बोधचिन्हातल्या कुत्र्याचे चित्र ठोकायचे, की 'पुरातन' ग्रामोफोन तयार होतो. जुन्या मोटरींचा साठा कमी झाल्यावर काही यंत्रांत नव्याने बनवलेल्या मोटरीही बसू लागल्या, परंतु दर्जेदार नकलेच्या पोटात आजही बहुधा खरी एचएमव्ही मोटर असते. म्हणून दुकानदार मोटरवरची अक्षरे दाखवून 'बघा, ओरिजिनल आहे' म्हणतो, तेव्हा त्या भागापुरते तो खोटे बोलत नसतो. एखादा भाग जुना आहे का, हा प्रश्न येथे फसवा ठरतो; सगळे भाग एकाच यंत्राचे आणि एकाच काळाचे आहेत का, हा प्रश्न विचारावा लागतो. पुढच्या सर्व कसोट्या त्या एका प्रश्नाचीच वेगवेगळी रूपे आहेत.

त्यासाठी थोडा इतिहास हाताशी हवा. सपाट तबकडीवर ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये पेटंट केली आणि लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये स्थापन झाली. म्हणजे '१८८० चा एचएमव्ही' असे कोणी सांगितले, तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे फ्रान्सिस बरॉ यांचे चित्र कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले. त्या चित्रात आधी दंडगोल वाजवणारा फोनोग्राफ होता आणि कंपनीच्या सांगण्यावरून त्या जागी ग्रामोफोन रंगवण्यात आला. तरीही कंपनीच्या तबकड्यांच्या लेबलावर पहिली काही वर्षे हा कुत्रा नव्हता. तेथे पंख असलेला, तबकडीवर लिहिणारा देवदूत होता आणि कुत्र्याचे चित्र १९०९ च्या सुमारास त्याच्या जागी आले. कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित करून गेले, तेव्हा त्या तबकड्या जर्मनीतील हानोव्हरला तयार होऊन परत येत. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांच्या विलीनीकरणातून ईएमआय १९३१ मध्ये जन्मली, आणि भारतातील स्वतंत्र कंपनीची नोंदणी १९४६ मध्ये झाली. ही चार-पाच वर्षे लक्षात ठेवली तरी पेटीवरची पट्टी वाचूनच अर्धे काम होते, कारण १९१० चे म्हणून सांगितलेल्या यंत्राच्या पट्टीवर ईएमआयचे किंवा भारतीय कंपनीचे नाव असू शकत नाही.

आता यंत्र चालते कसे ते पाहू, कारण नक्कल करणारा कारागीर सर्वांत जास्त चुकतो तो याच ठिकाणी. तबकडीवरची चर डावी-उजवीकडे नागमोडी कोरलेली असते. सुई त्या वळणांबरोबर हलते, ती हालचाल एका छोट्या तरफेमार्फत साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचते, आणि पडदा थरथरला की आवाज निर्माण होतो. हा आवाज अगदी क्षीण असतो. तो खोलीभर पोहोचावा म्हणून साउंडबॉक्सपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत हवेचा मार्ग हळूहळू, न अडखळता रुंद होत जावा लागतो. सुरुवातीच्या यंत्रांत कर्णा थेट साउंडबॉक्सलाच जोडलेला असे आणि सगळा डोलारा सुईवर तोललेला असे. कुत्र्याच्या चित्रातले यंत्र त्या जातीचे आहे. अमेरिकेत व्हिक्टर कंपनी चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सन यांनी १९०३ च्या सुमारास निमुळता टोनआर्म आणला. साउंडबॉक्सकडे अरुंद आणि ब्रॅकेटकडे रुंद अशी ही नळी कर्ण्याचाच पहिला भाग झाली आणि कर्ण्याचे वजन मागच्या ब्रॅकेटवर गेले. म्हणजे टोनआर्म, मागचे कोपर (टोनआर्म आणि कर्णा यांना जोडणारी वळणदार नळी) आणि कर्णा हे तीन भाग दिसायला वेगळे असले तरी आवाजाच्या दृष्टीने ती एकच लांबलचक, सतत रुंदावणारी नळी आहे.

अस्सल यंत्रात हे सातत्य हाताला जाणवते. कर्णा काढून ठेवावा आणि कोपराच्या तोंडात बोट घालून पाहावे. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, वळण गोलाईने घेतलेले असते आणि कर्ण्याची मान त्यात नेमकी बसते. नकलेत टोनआर्म एका मापाचा, कोपर दुसऱ्या मापाचे आणि कर्णा तिसऱ्याच मापाचा असतो, कारण हे भाग एकमेकांसाठी घडवलेले नसतात. मग कोठे रबराची कडी घालून, कोठे डाख देऊन, कोठे बाजूने स्क्रू आवळून ते जुळवले जातात, आणि आत बोटाला पायरी लागते किंवा मध्येच नळी अरुंद झालेली आढळते. कोपराचे वळण हीदेखील ओळखण्याजोगी खूण आहे. जुन्या यंत्रांचे कोपर एकसंध, सावकाश वळणारे असते. नकलेत ते पुष्कळदा दोन तुकडे कोनात जोडून केलेले दिसते आणि त्या जोडाची रेषा बाहेरूनही ओळखू येते. माझ्या मते फक्त एकच खूण तपासण्याइतका वेळ हाताशी असेल, तर तो या कोपरावर खर्च करावा. पेटी, पॉलिश, पट्टी या सगळ्यांची नक्कल मेहनतीने करता येते, पण एवढ्या अचूक नळीसाठी जो साचा लागतो, तो बनवण्याचा खर्च नकलेच्या किमतीत बसत नाही.

याच ठिकाणी आणखी एक सोपी कसोटी करून घ्यावी. तबकडी न ठेवता टोनआर्म थाळीच्या मधल्या खुंटीकडे फिरवावा. ब्रॅकेट आणि खुंटी यांतले अंतर आणि आर्मची लांबी यांचा मेळ मूळ कारखान्यात हिशेबाने घातलेला असे, जेणेकरून सुई चरीला शक्य तितकी सरळ लागावी. त्यामुळे अस्सल यंत्रात सुईचे टोक खुंटीच्या अगदी जवळून जाते. नकलेत ब्रॅकेट पेटीवर जागा मिळेल तेथे ठोकलेले असल्याने सुई खुंटीच्या बरीच अलीकडे थांबते किंवा बरीच पलीकडे निघून जाते. ही चूक निव्वळ दिसण्याची नाही. तिरकी लागलेली सुई चरीच्या एका भिंतीला खरवडत जाते, आणि जुन्या साउंडबॉक्सचा दाब शंभर ग्रॅमच्या वर असल्याने लाखेची तबकडी दर वेळी थोडी थोडी झिजते. ज्या घरात आजोबांच्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत, त्या घराने शोभेच्या ग्रामोफोनवर त्या वाजवण्यापूर्वी ही कसोटी जरूर करावी.

साउंडबॉक्स हा भाग सर्वांत बोलका असतो. १९२५ पूर्वी गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच चर कोरली जाई. १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवर चालणारे मुद्रण आले, तबकडीवर खालचे आणि वरचे स्वर अधिक प्रमाणात येऊ लागले, आणि ते वाजवण्यासाठी जुने साउंडबॉक्स अपुरे पडू लागले. कर्ण्याच्या यंत्रांवर तोवर 'एक्झिबिशन' नावाचा साउंडबॉक्स सर्रास असे. त्याचा पडदा अभ्रकाचा, म्हणजे पारदर्शक, थोडा काचेसारखा दिसणारा असतो. १०१ पोर्टेबलवर आलेल्या ४ क्रमांकाच्या साउंडबॉक्सचा पडदाही अभ्रकाचाच होता. त्यानंतर आलेल्या ५ए आणि ५बी या साउंडबॉक्सांचा पडदा मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, त्यावर जाळीचे किंवा नक्षीचे आवरण होते, आणि १०२ पोर्टेबलवर ५बी असे. हे समजले की पितळी कर्ण्याच्या '१९१० च्या' यंत्रावर ५बी लटकलेला पाहून काय घडले आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. एखाद्या जुन्या मालकाने चांगल्या आवाजासाठी आपल्या कर्ण्याच्या यंत्रावर पुढे नवा साउंडबॉक्स बसवला, असेही खरोखर झालेले आहे. पण मग बाकीचे यंत्र इतर सर्व कसोट्यांना उतरले पाहिजे.

एक्झिबिशन साउंडबॉक्सचीही नक्कल होते. मूळ नगावरची अक्षरे बारीक असली तरी रेखीव आणि सारख्या खोलीची असतात. नकलेवरील अक्षरे ओतकामातून आलेली, कडांना गोलसर झालेली, कधी उथळ तर कधी बुजलेली असतात आणि स्पेलिंगच्या चुकाही सापडतात. वयाची एक खूण येथे उपयोगी पडते. जुन्या साउंडबॉक्सांच्या काही भागांसाठी जस्ताचा मिश्रधातू वापरला जाई आणि तो दशकानुदशके आतून फुगत, भेगाळत जातो. मागची कडी तडकलेली, रबर दगडासारखे कडक झालेले असा साउंडबॉक्स पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते, पण तो नग खरा असण्याची शक्यता त्यानेच वाढते. रबर बदलता येते.

आता कर्ण्याकडे वळू. लोकांच्या मनात ग्रामोफोन म्हटले की सोन्यासारखा लखलखणारा कर्णा असतो, आणि नक्कल नेमकी त्या कल्पनेप्रमाणे बनवली जाते. प्रत्यक्षात ग्रामोफोन कंपनीच्या बाहेरच्या कर्ण्याच्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांवर रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचे, फुलाच्या पाकळ्यांसारखे कर्णे होते. महागड्या यंत्रांना लाकडी कर्णे मिळत. पितळी कर्णे होते हे खरे, म्हणून केवळ पितळ दिसले म्हणून यंत्र बाद करता येत नाही. पाहायचे ते कर्णा जोडण्याची पद्धत. जुन्या कर्ण्याच्या पाकळ्या एकमेकींत घडी घालून, दाबून शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात आणि मागच्या बाजूला त्या घड्यांच्या सरळ, उंच कडा दिसतात. नव्या कर्ण्याचा पत्रा पातळ असतो, सांध्यांवर डाखेचे ओघळ असतात, काठ हाताला बोचतो, आणि बोटाने टिचकी मारली तर ताटलीसारखा खणखणीत आवाज येतो. पितळेवर ठोकून काढलेली वेलबुट्टी, लाल-हिरव्या मीनाकामाच्या पाकळ्या किंवा मोराची चित्रे असतील, तर तो कर्णा आजच्या हस्तकलेच्या बाजारातला आहे, मग तो कितीही सुंदर असो.

इतर धातूकामाच्या बाबतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कर्ण्याच्या काळातील यंत्रांचे टोनआर्म, साउंडबॉक्स आणि चावी देण्याचे हँडल यांवर बहुधा निकेलचा मुलामा असे, म्हणजे ते किंचित पिवळसर छटेच्या रुपेरी रंगाचे असत; ब्रॅकेट लोखंडी ओतकामाचे, रंगवलेले किंवा मुलामा दिलेले असे. सगळेच्या सगळे भाग उघड्या पितळेचे असणे ही आजची आवड आहे. त्याउलट, निळसर झाक असलेला क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आला आणि तो पोर्टेबल यंत्रांवर भरपूर आढळतो, त्यामुळे कर्ण्याच्या पेटीवर क्रोमची थाळी दिसली की ती कोठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचे.

पेटीबाबत थोडे सावधपणे बोलायला हवे, कारण येथे अर्धवट माहितीने उलट चूक होते. आठ कोनांची, सहा कोनांची किंवा गोल पेटी असेल, तर ती नक्कल आहे असे मानून पुढे जायला हरकत नाही. कंपनीच्या कर्ण्याच्या यंत्रांच्या पेट्या चौकोनी असत आणि त्यांच्या पायाला व वरच्या काठाला यंत्रावर कापलेली एकसारखी गोलाईची पट्टी असे. मात्र 'इंग्लंडचे यंत्र ओक किंवा महॉगनीचेच असते, हे सागवानी आहे म्हणजे भारतात बनवलेली नक्कल' हा युक्तिवाद टिकत नाही. उष्ण आणि दमट हवेत ओकच्या पेट्या उकलतात म्हणून आपल्याकडच्या बाजारासाठी कंपनी सागवानी पेट्यांची यंत्रेही देत असे. कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या घरातले सागवानी यंत्र म्हणूनच उलट अधिक विश्वासार्ह असू शकते. लाकडाच्या जातीपेक्षा पेटीचे आतले अंग पाहावे. मोटर झाकणाखाली लटकलेली असते. ती उघडून दाखवण्यास विक्रेत्याने नकार दिला तर तेथेच नमस्कार करून निघावे. जुन्या पेटीच्या आतले लाकूड पॉलिश न केलेले, एकसारखे निस्तेज झालेले असते आणि मोटरच्या खाली तेल व धूळ मिसळून थर बसलेला असतो. नव्या पेटीत करवतीच्या ताज्या खुणा, खिळ्यांनी ठोकलेले कोपरे, जुने दिसावे म्हणून आतूनही फासलेला गडद रंग आणि त्या रंगाचे डाग मोटरवरही उडालेले दिसतात. मोटर बसवण्याची भोके ही तर साक्षीदारच: मोटरच्या पायांना आणि भोकांना मेळ नसेल, किंवा जवळच बुजवलेली जुनी भोके असतील, तर ती मोटर या पेटीत नंतर आली. हँडलच्या भोकाभोवती कारखान्याची नीट बसवलेली धातूची कडी असते. नकलेत तेथे नुसते छिद्र किंवा साधा वॉशर असतो.

मोटरकडे पाहताना तिचा आकार पाहावा. मोठ्या कर्ण्याच्या यंत्रांत एक किंवा अधिक जाड स्प्रिंगांच्या रुंद डब्या असलेली, पेटीचा बराच भाग व्यापणारी मोटर असे. प्रशस्त पेटीच्या एका कोपऱ्यात हाताच्या पंज्याएवढी मोटर एकटी लटकत असेल, तर ती पोर्टेबलच्या उथळ बॅगेसाठी बनवलेली आहे. ती वाईट मोटर नव्हे. उलट यांत्रिक दृष्ट्या ती अनेकदा अधिक सफाईदार चालते. तिचा वेग तपासण्यासाठी तबकडीखाली कागदाची एक पट्टी अडकवून मिनिटभर फेरे मोजावेत. ते ७८ च्या जवळपास आले पाहिजेत आणि गाणे संपेपर्यंत कमी होता कामा नयेत. वेग स्थिर ठेवण्याचे काम मोटरमधले गव्हर्नर करते. पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजने फिरताना बाहेर फेकली जातात आणि त्यांच्याशी जोडलेली चकती चामड्याच्या किंवा फेल्टच्या गादीला घासून वेग आवरते. गव्हर्नरमधून खडखडाट येत असेल तर दुरुस्ती लागेल, इतकाच त्याचा अर्थ. यंत्र अस्सल आहे की नाही, यावर त्या खडखडाटाने काही ठरत नाही.

दर्शनी बाजूचे चित्र मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण बहुतेक लोक तेच आधी पाहतात आणि त्यावरच विश्वासतात. मूळ यंत्रांवर बोधचिन्ह सहसा लाकडावर उमटवलेल्या पातळ चित्राच्या रूपात असे. ते लाकडाशी एकजीव झालेले, बारीक भेगा पडलेले, कोठे कोठे उडालेले दिसते. त्याखेरीज विक्रेत्याच्या दुकानाची छोटी पट्टी असू शकते आणि ती असणे ही चांगली गोष्ट आहे. नकलेवर पितळेची मोठी पाटी खिळ्यांनी ठोकलेली असते, कुत्र्याचे तोंड कोल्ह्यासारखे किंवा मांजरासारखे झालेले असते, आणि एकच पाटी पेटीच्या दोन-तीन बाजूंना असली तर कंपनीने आपली जाहिरात इतक्या हावरटपणे केल्याचे ऐकिवात नाही. नक्कल करणारे जवळजवळ नेहमी एचएमव्हीचेच नाव लावतात, कारण तेच नाव विकले जाते. त्यामुळे कोलंबिया, ओडियन, पाथे यांची किंवा कोणतेच नाव नसलेली, रंग उडालेली, बेंगरूळ जर्मन-स्विस यंत्रे बाजारात दिसली, तर ती खरी असण्याचा संभव बराच अधिक असतो. देखण्या यंत्राभोवती गर्दी असताना जाणकार संग्राहक अशा यंत्राजवळ का रेंगाळतो, त्याचे हे कारण आहे. पाथेचे जुने यंत्र घेताना एवढे लक्षात ठेवावे की त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांची चर खाली-वर कोरलेली असे आणि त्या नीलमण्याच्या टोकाने वाजत. आपल्या नेहमीच्या तबकड्या त्यावर तशाच चालणार नाहीत.

दूरवरून, केवळ छायाचित्रे पाहून खरेदी करणाऱ्यांनी समोरून काढलेल्या एका झगमगीत चित्रावर समाधान मानू नये. कर्णा काढून कोपराचे तोंड, कर्ण्याची मागची बाजू, साउंडबॉक्सची दोन्ही अंगे, उघडलेल्या पेटीतील मोटर आणि पेटीचा तळ यांची छायाचित्रे मागावीत. परदेशात राहणाऱ्या आणि सुट्टीत आल्यावर येथून यंत्र नेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी एक बाब आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कला-कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते. 'शंभर वर्षे जुना' असे बिलावर आनंदाने लिहून देणारा विक्रेता विमानतळावर आपल्यासोबत नसतो.

अस्सल आणि नक्कल यांच्या मधलाही एक प्रदेश आहे आणि प्रामाणिक व्यवहारात त्याचीच चर्चा अधिक व्हायला हवी. पेटी, मोटर, ब्रॅकेट आणि आर्म मूळचे असून केवळ कर्णा हरवल्याने नवा बसवलेला असेल, तर ते यंत्र अस्सलच म्हणावे, मात्र किंमत कर्णा नसलेल्या यंत्राची द्यावी. पेटी एका यंत्राची आणि मोटर त्याच काळातील दुसऱ्या यंत्राची असेल, तर ते जोडलेले यंत्र आहे. ते वाजवण्यास उत्तम असू शकते, संग्रहासाठी त्याचे मोल कमी. आणि पूर्ण नक्कल ही शोभेची वस्तू म्हणून, शोभेच्या वस्तूच्या किमतीला, ती नक्कल आहे हे सांगून विकली जात असेल, तर तिच्यात गैर काही नाही. ज्यांना मुळात जुन्या तबकड्या ऐकायच्या आहेत, त्यांना मी कर्ण्याचा नाद सोडून सरळ चांगल्या स्थितीतील १०२ पोर्टेबल शोधायला सांगेन. ते सुटसुटीत असते, त्याच्या नकला सहसा होत नाहीत, आणि विजेच्या मुद्रणानंतरच्या तबकड्यांवर त्याचा आवाज बहुतेक कर्ण्याच्या यंत्रांहून भरदार लागतो. तबकडीच्या प्रत्येक बाजूसाठी पोलादी सुई नवी लावावी आणि त्यावर व्हिनाइलची तबकडी कधीही ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे लागते.

नक्कल आधीच घरात आलेली असेल, तर ती टाकून देण्याचे कारण नाही. तिच्यातली मोटर आणि ५बी साउंडबॉक्स खरे असतील, तर स्प्रिंग तुटल्याने किंवा साउंडबॉक्स हरवल्याने बंद पडलेल्या १०२ च्या बॅगा जुन्या बाजारात अजूनही मिळतात, आणि जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून हे भाग त्यांत परत बसवून घेता येतात. बॅग घेण्यापूर्वी तिच्या आतला कर्ण्याचा मार्ग फुटलेला नाही ना आणि टोनआर्म जागेवर आहे ना, एवढे पाहून घ्यावे, कारण हे दोन भाग नकलेतून मिळण्यासारखे नसतात.